पंक्चर काढायचं की ट्यूब बदलायची?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या कागदावर आजचा विषय वाचून काही जण हसले. हसू द्या. कापसाचा भाव, पीकविमा, विजेचं बिल असे डोंगराएवढे प्रश्न पुढे असताना हे सायकलच्या ट्यूबवर काय बोलणार, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या डोंगरांसाठी आपल्याला मुंबई-दिल्लीशी भांडावं लागतं. ट्यूबचं भोक बुजवायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि ते बुजलं नाही तर नुकसान कुणाचं होतं, ते आधी बघू.

आपल्या गावांत मोटारसायकली आल्या. पण घरात मोटारसायकल एक आणि तिची किल्ली घरधन्याच्या खिशात. सायकल उरली ती बाकीच्यांसाठी. वेचणीला जाणारा गडी, दुधाची कॅन घेऊन डेअरीवर जाणारा म्हातारा आणि दुसऱ्या गावच्या शाळेत जाणारी पोरगी. शासनाच्या योजनेतून गावोगाव मुलींना सायकली मिळाल्या, चांगलं झालं. पण सायकलीबरोबर पंप मिळाला नाही आणि पंक्चर कसं काढायचं ते कुणी शिकवलं नाही. एक दिवस काटा घुसतो. सायकल भिंतीला टेकते. "ट्यूब गेली, बाजाराच्या दिवशी आणू," असं घरात ठरतं. बाजाराच्या दिवशी पैसे फवारणीच्या औषधाला जातात. पुढच्या बाजाराला पाहुणे येतात. तोवर पोरीची शाळा पंधरा दिवस बुडालेली असते आणि मग कुणीतरी म्हणतं, तशी तरी आता किती शिकणार आहे! भावांनो, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून एवढी मोठी गोष्ट निसटून जाते. म्हणून हा विषय.

ओझं टायर वाहतो, ट्यूब नाही

ठिगळ लावलेली ट्यूब कमजोर असते, हा समज फार पसरलेला आहे. तो का चुकीचा आहे ते समजून घेऊ. सायकलवर तुम्ही बसता, मागे युरियाची ४५ किलोची गोणी टाकता. हे सगळं वजन शेवटी हवेच्या दाबावर उभं असतं. तो दाब आवरून धरण्याचं काम टायर करतो, कारण टायरात धाग्यांचे थर असतात. ट्यूबमध्ये धागा नाही. टायर नसताना ट्यूबमध्ये हवा भरत राहा, ती फुग्यासारखी फुगते आणि फुटते. ट्यूबचं काम एकच, हवा बाहेर जाऊ न देणं.

आता टायरच्या आत काय होतं बघा. हवा ट्यूबला सगळ्या बाजूंनी टायरवर दाबते. ठिगळ ट्यूब आणि टायर यांच्या मधे सापडतं. म्हणजे हवा भरली की ठिगळ दाबलंच जातं. नीट बसलेलं ठिगळ ट्यूबच्या आयुष्याएवढं टिकतं. दहा ठिगळांची ट्यूबही नव्याएवढीच हवा धरते, जर प्रत्येक ठिगळ नीट बसलेलं असेल तर. ठिगळं किती आहेत हा प्रश्नच नाही. भोक कुठं आहे आणि ते कशानं पडलं, एवढेच दोन प्रश्न आहेत.

हे आपल्याला नवीन नाही. कपाशी तुटक उगवली तर आपण काय करतो? बांधावरून बघून दुबार पेरणी करत नाही. ओळीत उतरतो. नांग्या किती पडल्या ते मोजतो. का पडल्या ते बघतो. पावसानं दडी मारली, बी खोल पडलं की वाणी-पैशांनी रोपं कुरतडली? तूट थोडी असेल तर नांग्या भरतो, ओळीच्या ओळी गेल्या असतील तर मोडतो. पंक्चर काढणं म्हणजे नांग्या भरणं आणि ट्यूब बदलणं म्हणजे दुबार पेरणी. दोन्हींना आपापली जागा आहे. पण न बघता दुबार पेरणी करणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

आधी वाल बघा, मग भोक

चाकातली हवा गेली म्हणजे पंक्चरच झालं असं नाही. आपल्या साध्या सायकलींच्या वालमध्ये बारीक रबरी नळी असते, ती वालट्यूब. ती उन्हानं आणि जुनेपणानं चिरते. तिची किंमत चहापेक्षा कमी. वालच्या तोंडावर थुंकी नाहीतर पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा आला तर वालट्यूब बदला, काम संपलं. कितीतरी चांगल्या ट्यूबा या बारीक नळीच्या गुन्ह्यासाठी उकिरड्यावर गेल्या आहेत. शिवाय नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून हवा आपोआपही हळूहळू कमी होते. ब्युटाइल रबराच्या ट्यूबमधून तीच हवा फार सावकाश जाते. म्हणून आठवडाभर उभ्या राहिलेल्या सायकलीचं चाक मऊ लागलं तर आधी हवा भरा आणि रात्रभर थांबा. सकाळी चाक बसलेलं असेल तरच टायर उघडा.

टायर उघडताना एकच बाजू रिममधून काढा. विळा, खुरपं, पेचकस घालू नका. एक भोक शोधायला जाल आणि दुसरं पाडाल. गुळगुळीत पट्टी वापरा, नाहीतर जाड चमच्याचा दांडा चालतो. ट्यूब बाहेर काढण्याआधी वालजवळ टायरवर खडूनं खूण करा. ही खूण फार कामाची आहे, का ते पुढे सांगतो. मग ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवा. बुडबुडे आले तिथं खूण करा. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, सगळी ट्यूब फिरवा.

आता भोक वाचायचं. बाहेरच्या, म्हणजे जमिनीकडच्या बाजूला एकच बारीक गोल भोक असेल तर तो काटा. बाभळीचा, वेड्या बाभळीचा, बोरीचा, नाहीतर सराटा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर काट्यावर आळ घेऊ नका. चाकात हवा कमी होती, वर ओझं होतं, दगड आला आणि ट्यूब दगड आणि रिमच्या चिमट्यात सापडली. या पंक्चरवर खरा उपाय पंप आहे. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे, नाहीतर एखाद्या स्पोकचं टोक वर आलं आहे. ते टोक कानशीनं घासा, पट्टी नीट बसवा. पट्टी नसेल तर कापडाची घट्ट पट्टी गुंडाळा.

काटा आधी, ठिगळ नंतर

पंक्चर काढून आणलं आणि दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसलं, हा अनुभव इथं प्रत्येकाला आहे. आपण म्हणतो ठिगळ सुटलं, ट्यूब सडली. मग नवी ट्यूब टाकतो. तीही दोन दिवसांत बसते. मग कंपनीला शिव्या. बहुतेक वेळा काटा टायरातच असतो. बाभळीचा काटा टायरात मोडतो, बाहेरून दिसत नाही आणि चाकावर वजन आलं की त्याचं टोक आत डोकावतं. नव्या ट्यूबला तो ओळखत नाही. तो जुन्याला टोचतो तसाच नव्यालाही टोचतो.

म्हणून ती खडूची खूण. ट्यूबवरचं भोक वालपासून किती हातांवर आहे ते मोजा आणि टायरवर खुणेपासून तेवढंच अंतर मोजून बघा. काटा तिथंच सापडतो. टायर तिथं उलटा वाकवा म्हणजे टोक वर येतं. मग टायरच्या आतून सगळीकडे कापडाचा बोळा फिरवा. जिथं सूत अडकेल तिथं काटा. नुसती बोटं फिरवू नका, काटा तुमचंही पंक्चर करील.

आम्ही शेतकी शिकलो, म्हणून पिकाचं उदाहरण देतो. कपाशीवर लाल्या दिसला की दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. लाल्या हा बहुतेक वेळा किडीचा नसतो. जमिनीत ओल कमी, मॅग्नेशियम आणि नत्र कमी, वर बोंडांचा भार, यानं पानं लाल होतात. त्यावर कीटकनाशक फवारलं तर कीटकनाशकाचे पैसे गेले आणि पानं लालच राहिली. काटा न काढता ट्यूब बदलणं हे तसंच आहे. कारण शिल्लक ठेवून वरची वस्तू बदलली तर खर्च नवा आणि दुखणं जुनं.

सोल्यूशन म्हणजे गोंद नव्हे

आता ठिगळ. सोल्यूशन हा चिकटवायचा गोंद आहे असं समजून माणसं ते भरपूर लावतात आणि ओलं असतानाच ठिगळ दाबतात. ते सुटणारच. सोल्यूशनमध्ये पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं रबर असतं आणि रबराला रबराशी जोडणारी रसायनं असतात. तयार ठिगळाच्या खालच्या थरात त्याची जोडीदार रसायनं असतात. दोन्ही एकत्र आली की ठिगळ आणि ट्यूब यांचं रबर एकमेकांत गुंफलं जातं. चार्ल्स गुडइयर यानं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची रीत शोधली. अलेक्झांडर पार्क्स यानं १८४६ मध्ये हे काम आगीशिवाय, थंडपणी करून दाखवलं. आपल्या हातातलं ठिगळ त्याच कुळातलं आहे.

रीत अशी. भोकाभोवतीची जागा कोरडी करा. ठिगळापेक्षा मोठी जागा कानशीनं किंवा पॉलिशपेपरनं घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. तिथं ट्यूबवर शिवणीसारखी उभी रेघ असेल तर ती घासून सपाट करा, नाहीतर हवा त्या रेघेच्या कडेनं वाट काढते. सोल्यूशन पातळ लावा, ठिगळाच्या कडेबाहेर जाईल इतकं. मग थांबा. साधारण पाच मिनिटं. ओलेपणाची चमक गेली पाहिजे. तोंडानं फुंकू नका, फुंकेत वाफ असते. काडी लावून सोल्यूशन पेटवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती बंद करा. त्यानं रबर करपतं आणि हातही भाजतो. वाळल्यावर ठिगळ ठेवा आणि मधून कडेकडे जोरानं दाबत न्या. हातोडीचा दांडा किंवा बाटली फिरवली तरी चालेल. वरून शंखजिऱ्याची पूड लावा म्हणजे ट्यूब टायरला चिकटणार नाही.

जुन्या ट्यूबचा तुकडा कापून ठिगळ लावायची पद्धत आपल्याकडे आहे. ते चालतं, पण तुकडाही घासला पाहिजे आणि सोल्यूशन दोन्हीकडे लावून वाळवलं पाहिजे. ब्युटाइलच्या ट्यूबला मात्र तयार ठिगळच अधिक भरवशाचं.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायरची कड शेवटी अंगठ्यांनी ढकलून बसवा, पट्टीनं नाही. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी चाक फिरवून बघा. ट्यूब कुठं रिम आणि टायरमध्ये चिमटली असेल तर ती तिथंच फुटेल.

ट्यूब कधी टाकायची

आम्ही काही सगळ्याच ट्यूबा जपून ठेवा म्हणत नाही. भोक वालच्या बुडाशी असेल, तर ट्यूब बदला. तिथं ठिगळ सपाट बसत नाही. चीर बोटभर लांब असेल, तर बदला. ट्यूब ताणल्यावर रबराला जागोजाग बारीक भेगा दिसल्या, तर ते रबर म्हातारं झालं आहे, बदला. डिझेल, रॉकेल किंवा तेल लागून ट्यूब फुगलेली, चिकट झालेली असेल, तर बदला. म्हणून नवी ट्यूब इंजिनाशेजारच्या खुंटीवर टांगू नका. आणि भोकं इतकी जवळ असतील की ठिगळावर ठिगळ चढवावं लागेल, तरीही बदला.

नवी ट्यूब घेताना टायरच्या बाजूवरचा आकडा लिहून न्या. जुन्या काळ्या सायकलीचा आकडा वेगळा, मुलींच्या सायकलीचा वेगळा, जाड टायरच्या सायकलीचा वेगळा. "मोठ्या सायकलीची द्या" म्हणून आणलेली ट्यूब घडी पडून बसते आणि घडीवरच फुटते.

टायरची भिंत फाटली असेल तर ट्यूबवर राग काढू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चाकातली हवा फुगते. चांगल्या टायरला त्यानं काही होत नाही. पण फाटक्या भिंतीतून ट्यूब फुगा काढते आणि बार उडतो. तिथं आतून जुन्या टायरचा तुकडा बसवा आणि सोय होताच टायर बदला.

दुरुस्ती ही गरिबीची खूण नव्हे

तरुण पोरांना वाटतं, ठिगळ लावणं कमीपणाचं. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुराढोरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेची चाकं केली आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टायरच्या बैलगाडीला आपल्याकडे डनलॉप गाडी म्हणतात, तो हाच डनलॉप. पण त्याचा पहिला टायर रिमला पक्का चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं म्हणजे तासन्‌तास खटपट आणि रात्रभर वाळवण. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशेलिन बंधूंचा कारखाना होता. त्या घराण्याचा कारखाना आधी शेतीची अवजारं बनवायचा. त्यांनी असं चिकटवलेलं चाक हाताळलं आणि १८९१ मध्ये रिममधून सुटा निघणारा टायर केला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ यानं त्या टायरांवर जिंकली. म्हणजे टायर आणि ट्यूब आज वेगळे निघतात ते पंक्चर काढता यावं म्हणूनच. दुरुस्ती ही या चाकाच्या घडणीतच आहे.

हिशेब

आता पैसे. आकडे आम्ही धरून चालतो, तुम्ही आपल्या गावचे भाव घाला. समजा, पंक्चर काढायला २० रुपये आणि नवी ट्यूब १५० रुपये. धसकटांचे आणि काट्यांचे रस्ते असलेल्या गावात वर्षाला सहा पंक्चर धरा. सहाही काढले तर १२० रुपये. सहापैकी तीन वेळा ट्यूब बदलली आणि तीन वेळा पंक्चर काढलं तर ४५० आणि ६० मिळून ५१० रुपये, तेही ट्यूब बसवण्याची मजुरी न धरता. फरक ३९० रुपयांचा. एका सायकलीचा. कोरडवाहू घरात ३९० रुपयांना काय येतं ते आम्ही सांगायला नको.

पण खरा हिशेब दिवसांचा आहे. ट्यूब तालुक्याच्या बाजारात मिळते. ठिगळ घरी असेल तर अर्ध्या तासात सायकल चालू. ज्या घरी ठिगळ आहे त्या घरची पोरगी उशिरा का होईना, त्याच दिवशी शाळेत पोचते.

सायकलवाल्याचीही बाजू ऐका. तो फसवतोच असं नाही. गिऱ्हाईक घाई करतं, "काय ते लवकर कर" म्हणतं. ट्यूब बदलणं झटपट होतं, पंक्चर नीट काढायला थांबावं लागतं. म्हणून पाच मिनिटं थांबायची तयारी ठेवा. तो "ट्यूब गेली" म्हणाला तर भांडू नका, एवढंच म्हणा: भोक दाखवा आणि काटा दाखवा. आणि नीट पंक्चर काढून दिलं तर त्याचे २० रुपये घासाघीस न करता द्या. ते हाताच्या कसबाचे पैसे आहेत.

प्रत्येक गावाला एक पेटी

या बैठकीत आपण ठराव पुष्कळ करतो. आज एक काम ठरवू. प्रत्येक गावात एक पत्र्याची पेटी असावी. तीत एक पंप, दोन पट्ट्या, एक कानस, पॉलिशपेपर, ठिगळं, सोल्यूशन, वालट्यूबचा तुकडा, खडू आणि शंखजिरे. वर्गणी घरटी काढली तर कुणाला जड जाणार नाही. सोल्यूशनचं टोपण घट्ट लावा, उघडं राहिलं तर आठ दिवसांत दगड होतं. पेटी कुणाच्या घरी ठेवायची ते गावानं ठरवावं, पण शाळेत जाणाऱ्या मुलींना ती न विचारता उघडता आली पाहिजे. आणि पंक्चर काढायला पोरांआधी पोरींना शिकवा. सायकल त्यांची आहे, रस्ता त्यांना कापायचा आहे. मधेच रस्त्यात काटा घुसला तर तिथं बाप नसतो, भाऊ नसतो, सायकलवाला नसतो.

निकामी ट्यूब चुलीत घालू नका, तिचा धूर छातीला वाईट. उभी चिरून ती नव्या ट्यूबवर टायरच्या आतून अस्तरासारखी पसरा, बारीक काटे बरेच अडतात. उरलेल्या पट्ट्या कडब्याच्या पेंढ्या कॅरिअरला बांधायला घ्या.

जेवणानंतर बाहेर झाडाखाली पाण्याचं घमेलं आणि सामान मांडलं आहे. ज्यांच्या सायकलीचं चाक बसलं आहे त्यांनी ती तिथं आणावी. आम्ही पंक्चर काढून देणार नाही. तुम्ही काढाल, आम्ही शेजारी उभे राहू.